एकवीस दिवस

७ ऑगस्ट २०२५ ला सकाळी मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात बसलो होतो. कारखाना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. टेरी टॉवेलचे माग, मागे शिलाईच्या बायका, कोपऱ्यात सुताच्या गोण्या. अमेरिकेने भारतीय मालावर लावलेला २५ टक्के कर त्याच दिवशी लागू होत होता, आणि रात्रीतून दुसरी बातमी आली होती: रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के. मी माझ्या सवयीने त्याला कारणं सांगू लागलो. युक्रेनचं युद्ध, तेलाचं राजकारण, अमेरिकेत जानेवारीत बदललेला अध्यक्ष. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि मग म्हणाला, "सर, का लावला ते राहू द्या. दिवस किती दिलेत तेवढं सांगा."

एकवीस. दुसरे २५ टक्के २७ ऑगस्टपासून.

मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. महासत्तेत माणूस बदलला की दूरच्या प्रदेशाबद्दलचं धोरण बदलतं का, या प्रश्नावर मी वर्गात तासच्या तास बोललो असेन. पण तो प्रश्न दिवसांत मोजायचा असतो हे मला त्या सकाळी कळलं.

दिवस मोजायचे म्हणजे काय, ते आधी सांगतो. परदेशच्या खरेदीदाराची ऑर्डर पक्की झाली की सूत उचलायचं, ताणा करून त्याचा रूळ, म्हणजे बीम, भरायचा, तो मागावर चढवायचा. विणून झालं की ब्लीच, रंग, धुलाई. मग लांबीची शिलाई, आडवी शिलाई, तपासणी, घडी, त्या खरेदीदाराचं लेबल, खोके. मग कंटेनर न्हावा शेवाला. आणि मग समुद्र. मार्च २०२५ मध्ये आपल्या भगव्या डाळिंबाचा कंटेनर पहिल्यांदा समुद्रमार्गे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पोहोचला तेव्हा त्याला पाच आठवडे लागले. डाळिंब तेवढे दिवस टिकावं म्हणून ज्या संस्थांनी खटपट केली, त्यांत आपल्या केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही होतं. टॉवेल काही नासत नाही, पण जहाज तेच आणि वाटही तीच. अमेरिकेच्या आदेशात एक सवलत होती: २७ ऑगस्टच्या आत जहाजावर चढलेला माल १७ सप्टेंबरच्या आत तिकडे उतरून त्याची नोंद झाली, तर त्याला वाढीव कर नाही. म्हणजे आणखी एकवीस दिवस. पाच आठवड्यांच्या वाटेसाठी तीन आठवडे.

टॉवेलवर अमेरिकेचा मुळातला कर नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यावर तेव्हा हे पन्नास. त्याच वेळी पाकिस्तानच्या मालावर १९ टक्के, बांगलादेशच्या २०, तुर्कस्तानच्या १५. टॉवेलच्या धंद्यात हे तिघेही आपल्या शेजारच्या गाळ्यावर बसलेले. हे दर पुढे उतरतील, चढतील, न्यायालयं काही म्हणतील, करार होतील. माझं म्हणणं त्या आकड्यांवर उभं नाही. ते त्या एकवीस दिवसांवर उभं आहे.

आपल्याकडे या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, तिकडे माणूस बदलला की सगळं बदलतं, म्हणून कोण निवडून येतो यावर आपलं नशीब. दुसरा म्हणतो, कोणीही येवो, अमेरिका अमेरिकाच राहणार, तिचं हित बदलत नाही. दुसऱ्या म्हणण्याला पुरावा भरपूर आहे. पाकिस्तानला मदत द्यायची तर अण्वस्त्र नसल्याचा दाखला अध्यक्षाने दर वर्षी द्यायचा, असा कायदा अमेरिकेने १९८५ साली केला. रेगन यांनी तो दाखला दर वर्षी दिला, कारण अफगाणिस्तानात रशियन फौज होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये ती फौज परतली आणि ऑक्टोबर १९९० मध्ये थोरल्या बुशनी दाखला नाकारला. पक्ष तोच आणि कायदाही तोच. गरज तेवढी संपली होती. २०१९ साली ट्रम्प यांनी भारताची जीएसपी सवलत काढली, म्हणजे विकसनशील देशांच्या काही मालाला बिनकराचा प्रवेश देणारी. बायडेन आले, चार वर्षं राहिले, गेले. ती सवलत परत आली नाही.

तरीही मला हा दुसरा सूर अपुरा वाटतो. महासत्तेला काय हवंय ते माणूस बदलल्याने फारसं बदलत नाही, हे मान्य. पण आपल्याला किती वेळ मिळणार, हे त्या माणसावर फार अवलंबून असतं. आणि त्यातही एक विषमता आहे, तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. नव्या नेत्याने काही द्यायचं ठरवलं तर ते पोहोचायला वर्षं लागतात. काही काढून घ्यायचं ठरवलं तर आठवडे पुरतात.

हे सोलापूरकराला दुसऱ्या कोणी शिकवायला नको होतं. पार्क चौकाजवळचे चार पुतळे आपण रोज ओलांडतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. त्यांना फाशी झाली तेव्हा लंडनमध्ये सरकार कोणाचं होतं, हा प्रश्न मी वर्गात विचारायचो आणि मुलं हमखास चुकायची. साम्राज्य म्हटलं की चर्चिल, असं त्यांचं उत्तर. सरकार होतं मजूर पक्षाचं. जून १९२९ मध्ये रॅम्से मॅक्डोनाल्ड पंतप्रधान झाले आणि इकडच्या कितीतरी समजदार माणसांना वाटलं की आता दिवस पालटले. ३१ ऑक्टोबरला व्हाइसरॉय आयर्विन यांनी वसाहतीच्या स्वराज्याची भाषाही केली.

त्यानंतर सातव्या महिन्यात काय झालं? ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. ८ मेला सोलापुरात गोळीबार झाला, लोक मेले, पोलीस ठाणं जळलं. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस या शहरात इंग्रजांचा अंमल नव्हता. १२ मेला मार्शल लॉ आला. गांधी टोपी घातली म्हणून माणसं धरली गेली. हे सगळं त्याच सरकारच्या नावाने झालं, ज्याच्या येण्याने आपण हरखलो होतो. १२ नोव्हेंबर १९३० ला लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली. ती चालू असतानाच, १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्यात त्या चौघांना फासावर चढवलं. परिषद १९ जानेवारीला संपली. गांधीजींना सोडत असल्याचं आयर्विन यांनी २५ जानेवारीला जाहीर केलं. म्हणजे फाशीनंतर तेरा दिवसांनी.

मी हे तेरा दिवस मुलांना सांगायचो तेव्हा वर्गात शांतता पसरायची. आज मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मॅक्डोनाल्ड यांचं मन कदाचित खरंच वेगळं असेल. पण त्यांच्या सरकारला ब्रिटनच्या संसदेत स्वतःचं बहुमत नव्हतं. त्यांचा चांगुलपणा लंडनहून निघून भारतमंत्री, व्हाइसरॉय, मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स, जिल्ह्याचा अंमलदार अशा पायऱ्या उतरत येणार होता, आणि प्रत्येक पायरीवर त्याला थांबवणारं कोणी ना कोणी होतं. मार्शल लॉला एवढ्या पायऱ्या नव्हत्या.

कोणी म्हणेल, १९४५ साली लंडनमध्ये ॲटली पंतप्रधान झाले आणि दोन वर्षांत स्वातंत्र्य मिळालं, मग माणूस बदलल्याने फरक पडलाच की. पडला. पण नीट बघा. महायुद्धाने ब्रिटन कर्जात बुडालं होतं, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांनी बंड केलं होतं, जायचं हे ठरल्यातच जमा होतं. २० फेब्रुवारी १९४७ ला ॲटलींनी सांगितलं, जून १९४८ पर्यंत सत्ता सोपवू. त्याच सुमारास व्हाइसरॉय बदलला. वेव्हेल गेले, २२ मार्चला माउंटबॅटन आले. आणि ३ जूनला त्यांनी फाळणीची योजना मांडून तारीख कितीतरी अलीकडे ओढली. ३ जून ते १५ ऑगस्ट, ७३ दिवस. सीमा आखायला नेमलेले रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात उतरले, आधी कधीही न पाहिलेल्या देशाची वाटणी त्यांनी पाच आठवड्यांत केली, आणि रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला. तोवर झेंडे चढून दोन दिवस झाले होते. जायचा हेतू ॲटलींचा, वेव्हेलांचा, माउंटबॅटनचा एकच होता. एका माणसाच्या बदलाने दहा महिने कापले गेले, आणि त्या दहा महिन्यांची किंमत पंजाबने आणि बंगालने भरली. देणं सावकाश आणि घेणं झटपट असं मी वर म्हटलं, त्याला हे अपवाद वाटेल. मला नाही वाटत. जे झटपट झालं ते जबाबदारी टाकून निघून जाणं. काबूलमध्येही २०२१ साली तेच झालं. फौज मागे घ्यायचा तालिबानशी झालेला दोहाचा करार ट्रम्प यांच्या काळातला, फेब्रुवारी २०२०चा. बायडेननी तो मोडला नाही, तारीख तेवढी मे महिन्यावरून ऑगस्टअखेर नेली. १५ ऑगस्टला काबूल पडलं.

आता अमेरिकेच्या गव्हाकडे वळतो, कारण या विषयावर आपल्या पोटाला जे ठाऊक आहे ते पुस्तकांत सापडत नाही.

४ मे १९६० ला आपले अन्नमंत्री स. का. पाटील वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर यांच्याबरोबर सहीला बसले. पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखाली चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य, बहुतेक सगळं गहू. त्या मदतीवर त्या काळी टीका झाली, आजही होते, आणि ती योग्यच आहे. गाजर गवत त्याच गव्हाबरोबर आलं असं आपल्याकडे मानतात. पण त्या कराराची मुदत बघा. चार वर्षं. सरकारला ठाऊक होतं की पुढच्या दिवाळीलाही गहू येणार आहे.

मग केनेडींची हत्या झाली, जॉन्सन आले. जॉन्सननी गहू बंद केला नाही. अमेरिकेचं धोरण बदललं असं कागदावर म्हणता येणार नाही. उलट १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य भारतात आलं, तेही बहुतेक अमेरिकेतूनच. जॉन्सननी बदलली ती मुदत. १९६५ पासून लांब पल्ल्याचा करार नाही. थोडा थोडा गहू, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने, आणि जहाज सोडायचं की नाही हे अध्यक्ष स्वतः ठरवणार. भारताने शेतीवर जास्त खर्च करावा हे त्यांचं एक म्हणणं, आणि व्हिएतनामच्या युद्धावर भारताने केलेली टीका त्यांना झोंबलेली, हे दुसरं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला होता. बिहारमध्ये दुष्काळ पडला. जहाज बंदराला लागायचं आणि गहू तिथून थेट रेशनच्या दुकानात जायचा, मधे साठा असा नाहीच. दोरी तीच ठेवून आखूड करायची, एवढंच जॉन्सननी केलं, आणि दिल्लीतलं सरकार महिन्याच्या महिन्याला मान वर करून बघू लागलं.

मी तेव्हा जन्मलो होतो एवढंच. माझी आठवण १९७२ च्या दुष्काळाची. आमचा जिल्हा ज्वारीचा, मंगळवेढ्याची मालदांडी दूरदूरवर जाते. त्या वर्षी रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. आई पीठ मळायची, थापायची आणि भाकरी हातातच तुटायची, पिठाला विरी गेल्यासारखी. ती कधी काही बोलली नाही. तुकडे तव्यावर जोडून भाजायची. ज्याला आपण परराष्ट्र धोरण म्हणतो ते मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या तव्यावर.

इथे माझ्याशी वाद घालणारा एक मित्र आहे, आणि त्याचा मुद्दा टाळून मला पुढे जाता येणार नाही. तो म्हणतो, जॉन्सननी दोरी आखूड केली म्हणून तर आपण जागे झालो. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, हरितक्रांती झाली, पुढे कोणासमोर हात पसरायची वेळ आली नाही. मग एकवीस दिवसांचा धक्काही असाच उपकारक ठरेल, सोलापूर दुसरे बाजार शोधेल.

यात तथ्य आहे. पण धक्क्याचं फळ ज्याला मिळतं आणि धक्का ज्याला बसतो, ती माणसं वेगळी असतात. बियाणं पंजाबात रुजलं, उपाशी बिहार होता. देशाकडे कर्ज काढायला जागतिक बँक असते. टॉवेलच्या कारखान्यात आठवड्याच्या पगारावर, तेही नगावर, काम करणाऱ्या विणकराकडे काय असतं? पाळी बंद झाली की त्या शनिवारी हातात पैसे नाहीत. शिलाईच्या बाईला तर कोणी 'काम थांबलंय' असं सांगतही नाही, गठ्ठा येत नाही तेव्हा ती समजते. आणि ज्या कारखान्याचा एकही टॉवेल अमेरिकेला जात नाही, तोही सुटत नाही. देशातल्या मोठ्या मिल्सचा अमेरिकेला जाणारा माल अडला की तो इथल्याच बाजारात उतरतो. चाटी गल्लीतला भाव त्याने पडतो. एखाद्या खरेदीदाराच्या मापाचा, त्याच्या रंगाचा, त्याचं लेबल लावलेला टॉवेल दुसऱ्याला विकायचा तर उसवून, लेबल काढून, मिळेल त्या भावाने. धक्क्याने शहाणपण येतं हे खरं असेल, पण ते शहाणपण विणकराच्या मुलाच्या फीमधून वसूल होत असेल तर मला ते स्वस्त वाटत नाही.

असला धक्का आपल्या भागाला नवा नाही. सोलापूरला रेल्वे १८६० साली आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिकडे लिंकन निवडून आले. दक्षिणेची राज्यं फुटली, युद्ध पेटलं, १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबई इलाख्यातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्जं दिली. लिंकनच्या मनात दख्खन कधी आलाही नसेल. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. गावातला हिशेब दहा वर्षांनी निघाला. कर्जाच्या गाठी आवळत गेल्या आणि १८७५ साली सुप्यापासून सुरुवात होऊन पुणे-नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्या दंग्याची इतरही कारणं होती, सारावाढ त्यात मोठी. पण ज्याला येणारी बातमी आधी कळते तो सावरतो, ज्याला शेवटी कळते तो कर्जात राहतो, हे त्या वेळीही खरं होतं.

मग वेळ मिळतो तो कशाने? नेत्याच्या मेहेरबानीने नाही. जिथे कायदा वेळ द्यायला लावतो तिथेच तो मिळतो. वर मी जीएसपी सवलतीचं म्हटलं. ती काढणारेही ट्रम्पच होते, राग तोच होता. पण अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्यात लिहिलं आहे की एखाद्या देशाची ही सवलत काढायची तर किमान साठ दिवस आधी कळवलं पाहिजे. म्हणून ४ मार्च २०१९ ला नोटीस आली आणि सवलत गेली ५ जूनला. तीन महिने मिळाले. तेवढ्यात मागावरचा माल निघून जातो, नवा बीम भरायचा की नाही हे ठरवता येतं. २०२५ चा कर लावला तो १९७७ च्या आणीबाणीच्या अधिकारांच्या कायद्याखाली. त्या कायद्यावर कार्टर यांची सही आहे, आणि तोवर कोणत्याही अध्यक्षाने तो आयात कर लावायला वापरला नव्हता. त्यात आगाऊ सूचनेची अट नाही. अमेरिकेतल्याच व्यापार न्यायालयाने २८ मे २०२५ ला आणि अपील न्यायालयाने २९ ऑगस्टला म्हटलं की हा अधिकार अध्यक्षाला या कायद्याने मिळत नाही, पण तोवर कर चालूच राहिला. माणूस एकच, रागही एकच. एका कायद्याने तीन महिने दिले आणि दुसऱ्याने तीन आठवडे.

आणि देण्याचं काय? जुलै २००५ मध्ये धाकट्या बुशनी मनमोहन सिंगांबरोबर अणुकराराची घोषणा केली. अमेरिकेच्या धोरणात इतका मोठा, इतका आपल्या बाजूचा बदल क्वचित झाला असेल, आणि त्यात बुश यांचा स्वतःचा वाटा मोठा होता. तरी डिसेंबर २००६ मध्ये त्यांच्या काँग्रेसचा कायदा, सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांची संमती, १० ऑक्टोबर २००८ ला सह्या. सव्वातीन वर्षं. साध्या हापूस आंब्याचं बघा. अमेरिकेत बंदी १९८९ पासून, बुश २००६ साली आले तेव्हा दार उघडायचं ठरलं, लासलगावला विकिरण करून पेट्या गेल्या त्या २००७ च्या उन्हाळ्यात. अठरा वर्षं. डाळिंबाचीही वाट अशीच लांब होती. जी वाट उघडायला वर्षं गेली ती मिटवायला एका सहीची गरज असते, हे आपल्या बागाईतदाराने आणि कारखानदाराने धंद्याचा हिशेब मांडतानाच धरून चाललं पाहिजे.

निक्सन यांचं उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यांच्याइतका स्वतःच्या मनाने आपल्याविरुद्ध वागलेला अध्यक्ष दुसरा नाही. पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू आहे हे त्यांच्याच ढाक्यातल्या अधिकाऱ्यांनी ६ एप्रिल १९७१ च्या तारेने लेखी कळवलं, आणि ती तार पाठवणाऱ्या आर्चर ब्लड यांनाच तिथून हलवलं गेलं. जुलैत त्यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला गेले. डिसेंबरात अमेरिकेची विमानवाहू नौका एंटरप्राइझ बंगालच्या उपसागराकडे निघाली. यापेक्षा वाईट अध्यक्ष कोणता मिळायचा? आणि तरी त्या वर्षी भारत हरला नाही. कारण त्या वर्षी वेळ आपल्या हातात होता. एप्रिलमध्येच चाल करून जावं असा दबाव असताना माणेकशांनी पावसाळा उलटू द्या म्हटलं. ऑगस्टच्या ९ तारखेला रशियाशी करार झाला. हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद व्हायची वाट पाहिली. इंदिराबाईंनी तेवढ्यात युरोप-अमेरिका पालथी घातली. एंटरप्राइझ पोहोचेपर्यंत ढाक्याचा निकाल लागत आला होता.

म्हणून मला दिल्लीकडे मागायचं आहे ते आकड्यांपेक्षा वेगळं. व्यापार कराराच्या बोलण्यांत आपण कर किती टक्के यावर महिनोन् महिने घासाघीस करतो. तेवढ्याच जोराने आपण हेही मागितलं पाहिजे की कर वाढवायचा तर किमान नव्वद दिवस आधी कळवावं, आणि ज्या मालाची ऑर्डर त्या दिवसाआधी पक्की झाली आहे, जो जहाजावर चढला आहे, त्याला जुना दर. पाच आठवड्यांच्या वाटेला तीन आठवड्यांची सवलत ही सवलत नव्हे, हे आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी नकाशा पुढे ठेवून सांगावं. महासत्ता हे ऐकेल का? कागदावर आलेलंही ती मोडू शकते. पण कागदावर नसलेलं मोडावंही लागत नाही.

दुसरं मागणं मुंबईकडे आणि इथल्या कारखानदारांच्या संघटनांकडे. परदेशच्या आदेशाने पाळ्या बंद पडल्या तर यंत्रमाग कामगाराला, शिलाईच्या बाईला काही आठवडे तरी निम्मी मजुरी मिळेल असा निधी उभा करा. दुष्काळात हाताला काम द्यायची रोजगार हमी याच महाराष्ट्राने देशाला दिली. पाऊस न पडणं हा जर सरकारने सावरायचा प्रसंग असेल, तर वॉशिंग्टनची सही हाही तसाच प्रसंग आहे. दोन्हींत विणकराचा काडीचा दोष नाही. काही कारखानदार मला म्हणाले की हे आमच्या कुवतीबाहेरचं आहे, सूत उधार आणि माल उधार यात आम्हीच पिचतो. ते खोटं नाही. म्हणूनच एकट्या मालकावर न टाकता सरकारने यात हात घालायला हवा.

आणि तिसरं आपल्या सगळ्यांसाठी. सोलापुरात परराष्ट्र धोरण हा गप्पांचा विषय मानतात, पुण्या-दिल्लीच्या लोकांचा. ज्या गावच्या द्वारकानाथ कोटणीसांनी १९३८ साली चीनच्या जखमी सैनिकांसाठी घर सोडलं आणि १९४२ साली तिथेच देह ठेवला, त्या गावाने असं म्हणू नये. अमेरिकेत चार वर्षांनी निवडणूक होते हे ठरलेलं आहे, नवा अध्यक्ष २० जानेवारीला येतो हेही. तिथल्या निकालाची बातमी येते त्याच आठवड्यात आपल्या संघटनांची बैठक झाली पाहिजे, की येत्या सहा महिन्यांत कोणत्या ऑर्डरी उघड्यावर आहेत, कोणाचं कर्ज कशावर उभं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. ऑगस्ट २०२५ यायला नऊ महिने होते. ते आपण वापरले नाहीत. मीही त्या नऊ महिन्यांत व्याख्यानं देत होतो, निवडून आलेल्या माणसाच्या स्वभावाबद्दल.

माझा तो विद्यार्थी परवा पुन्हा आला होता. नव्या ऑर्डरचं बोलणं चालू आहे आणि त्याला खरेदीदाराला पाठवायच्या पत्रात एक वाक्य इंग्रजीत घालून हवं होतं: माल जहाजावर चढल्यानंतर कर वाढला तर तो बोजा कोणी उचलायचा. आम्ही दोघांनी मिळून ते तीनदा लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. निम्मा बोजा खरेदीदार घेईल, आणि त्या बदल्यात त्याला दरात सूट हवी आहे. किती, यावर अजून फोन चालू आहेत.